भरल्या गाडीच्या स्प्रिंगा

बाबा, तू गेल्यावर तुझी गाडी न्यायला भंगारवाला आला होता, त्याने खाली वाकून बघितलं आणि नाक दाबून सरळ उभा राहिला, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. गाडी कितीतरी दिवस नुसती उभी होती, तरी तिच्या पोटाला मुशी माशाच्या तेलाचा वास येत होता. आपल्यात बोटीच्या लाकडाला ते तेल चोपडतात, म्हणजे खारं पाणी लाकूड खात नाही. तू तेच तेल गाडीच्या स्प्रिंगांना लावायचास. आजोबांची बोट काकाच्या वाटणीला गेली, तू अंधेरीच्या एका कंपनीत ड्रायव्हर लागलास, पुढे सेकंडहँड का होईना स्वतःची गाडी घेतलीस, पण तुझ्या लेखी ती शेवटपर्यंत बोटच होती. आईच्या मासळीच्या पाट्या डिकीत, त्यांचं बर्फाचं खारट पाणी सारखं खाली गळणार, म्हणून दर रविवारी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची आणि मग तेलाचा हात. कोळीवाड्यातली यच्चयावत मांजरं आपल्या गाडीखाली वस्तीला असायची. शेजारचे म्हणायचे, ह्याची गाडी पेट्रोलवर नाही, बोंबलांवर चालते. तू हसायचास आणि पुन्हा खाली शिरायचास. एकदा ते तेल रबराच्या बुशांना लागलं आणि रबरं फुगून बसली, तेव्हा मात्र दोन दिवस तू कुणाशी बोलला नव्हतास.

गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा तुला पहिल्यापासून पसंत नव्हत्या. आपण सगळे बसलो की मागचा भाग खाली बसायचा आणि वेसाव्याच्या त्या अरुंद गल्लीत दगडाला घासायचा. कंपनीवाल्यांना आपल्या घरात माणसं किती ते काय ठाऊक, असं म्हणून तू बाजारातून जाड तारेच्या स्प्रिंगा आणल्यास, कडक शॉकअप आणलेस, आणि घरासमोर स्वतः बसवलेस. गाडी वर उचलली गेली. ती अशी ताठ उभी राहिली की आजीला आत चढवायला पाट ठेवावा लागायचा. तुला त्याचा केवढा अभिमान. कुणी भेटलं की तू आधी त्याला मागच्या चाकाच्या वरची जागा दाखवायचास, तिथे हात आडवा घालून. पाहुण्याला लोक घर दाखवतात, तू स्प्रिंगा दाखवायचास.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते नट आवळणं. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी दांडे जिथे गाडीला जोडलेले असतात तिथे रबराचे बुश असतात, आणि ते बदलले की शेवटचा नट कधी आवळायचा ह्यावर तुझा फार कटाक्ष. गॅरेजवाले गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच आवळून मोकळे होतात. मग गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वजन चाकांवर आल्यावरच आवळायचं, एवढं तर कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला कळतं. तू त्याच्या पुढे गेलास. बोट कशी बसते ते रिकाम्या बोटीवरून कळत नाही, माल आणि माणसं आत हवीत, हे तुझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. म्हणून बोट किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात त्या जाड फळ्या रचून तू गाडीची चाकं त्यांच्यावर चढवायचास आणि हाक मारायचास, चला, बसा सगळे.

आणि आम्ही बसायचो. आजी पुढे. मागे आई, आत्या, मी, आणि आत्याच्या मांडीवर धाकटा भाऊ. तू स्वतः खाली असणार, म्हणून तुझ्या जागेवर तांदळाची गोणी. डिकीत आईच्या पाट्या, त्यांच्यात मासळीच्या वजनाएवढी ओली वाळू. गाडी जागच्या जागी उभी, दारं बंद, काचा खाली, आणि खालून तुझ्या पान्याचा आवाज. आजी पान लावायची. आत्या सगळ्या गावाच्या भानगडी सांगायची, कारण तिला माहीत होतं की आता कुणी उठून जाऊ शकत नाही. बाहेरून जाणारे विचारायचे, कुठे निघालात? आई म्हणायची, महाबळेश्वरला. एकदा मी आमसुलाची गोळी आणायला पटकन उतरले. तू खालून ओळखलंस. बाहेर आलास, तोंड काळं झालेलं, आणि म्हणालास, "भर पान्यात बोटीतून मधीच कोन उतरतं काय?" मग सगळे नट सैल करून पहिल्यापासून सुरू केलंस. मी पुन्हा जाऊन बसले. मला त्या बसण्याची लाज वाटायची, मैत्रिणी बघायच्या ना. पण आजही डोळे मिटले तर आपलं सगळं घर मला त्या उभ्या गाडीतच दिसतं, जेवायला बसलेलं दिसत नाही.

आता आम्ही दहिसरला राहतो, आई आणि मी. नदीच्या पलीकडे नव्या बिल्डिंगा झाल्या त्यातल्या एकीत. माझी नोकरी संपत आली. लग्न केलं नाही हे तुला ठाऊकच आहे, ते भांडण तू असतानाच आटपलं होतं. आजी गेली, आत्या गेली, धाकटा बायकोमुलांना घेऊन परदेशात आहे आणि रविवारी मोबाइलच्या काचेत येतो. माझ्याकडे एक जुनी लहान गाडी आहे आणि तिचं खालचं काम मी स्वतः करते. ठरवून शिकले नाही. एकदा पुढून खडखड आवाज यायला लागला, गॅरेजवाल्याने भलतंच काही बदललं, तेव्हा मी चिडून स्वतः खाली शिरले आणि चाकामागच्या लिंक दांड्याचा सुटलेला सांधा हाताला लागला. तेव्हापासून रबरं तपासणं, शॉकअप गळतोय का बघणं, पावसाळ्यानंतर खालून धुणं, सगळं घरच्या घरी. तेल मात्र मुशीचं नाही. तरी सोसायटीचे सेक्रेटरी आले, पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे म्हणाले. मी त्यांना खाली पसरलेला पुठ्ठा दाखवला, त्यावर एक थेंब नव्हता. आता ते स्वतःच्या गाडीचा आवाज ऐकवायला येतात.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली. मणक्याचं हाड चेपलं. ऑपरेशन लागलं नाही, हाड जुळूनही आलं, पण धक्का सहन होत नाही. हॉस्पिटलमधून तपासून घरी आणताना बाबा, त्या रस्त्याने तिचे जे हाल केले ते मी आरशात बघत होते. स्पीडब्रेकर, खोदकामाचे बुजवलेले चर, पुलाचे सांधे. प्रत्येक ठिकाणी ती डोळे मिटून घ्यायची. कोळणीची जात, तोंडाने ओरडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की आता मला गाडीत घालू नको. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा तिने मोबाइलवर बघितली. काकाचा मुलगा बोटीवरून दाखवत होता आणि चित्र सारखं अडकत होतं. लग्न होऊन वेसाव्यात आल्यापासून तिने एकही नारळी पौर्णिमा चुकवली नव्हती. तिने फोन उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बोंबील साफ करायला घेतले. मी तेव्हाच मनात धरलं की पुढच्या वर्षी हिला न्यायचं, आणि न दुखता न्यायचं. अजून किती पौर्णिमा तिच्या वाट्याला आहेत कुणास ठाऊक.

डॉक्टर म्हणाले, हालायला हरकत नाही, हिसका बसायला नको. म्हणजे काम माझ्या हद्दीतलं होतं. मी महिनोन्‌महिने व्हिडिओ बघितले, लोकांचे अनुभव वाचले. कंपनीचे शॉकअप काढून बाहेरचे चांगले कसे निवडायचे, कोणत्या जोडीला कोणती स्प्रिंग, सगळं पाठ केलं. मग अंधेरीला सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार मापं घेत म्हणाला, "ताई, गाडीत माणसं किती असतात?" आणि मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "फुल." त्याने त्याप्रमाणे माल काढला. स्प्रिंग दाबून शॉकअपवर चढवायचं काम मी घरी करत नाही, ती सुटली तर माणूस जिवाला मुकतो, ते मी त्याच्याच दुकानातल्या प्रेसवर करून घेतलं. बाकी सगळं रविवारी खाली पार्किंगमध्ये बसवलं. गुडघे कुरकुरत होते, पण मी खूश होते. तू असतास तर मी तुला चाकाच्या वरची जागा हात आडवा घालून दाखवली असती.

आईला तयार करायला आठवडा लागला. फक्त नाक्यापर्यंत, म्हटलं. ती आली, मागे बसली, पदर खोचला. आमच्या गेटच्या तोंडाशीच एक स्पीडब्रेकर आहे. मी अगदी हळू घेतला, तरी गाडी आधी ताठ राहिली आणि मग मागून उसळली. आईने पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. मी गाडी तिथेच थांबवली. ती म्हणाली, वर ने. लिफ्टमध्ये ती माझ्याकडे बघत नव्हती, पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी चिडले. दुकानदारावर, रस्त्यावर, आणि खोटं कशाला बोलू, थोडी तिच्यावरही. एवढ्या मेहनतीने केलंय तर जरा तरी बरं म्हणावं की नाही माणसाने.

मग मी परत खाली गेले आणि गाडीसमोर सिमेंटच्या कठड्यावर बसून राहिले. गाडी उंच उभी होती. चाक आणि पत्रा ह्यांच्यामध्ये भली मोठी फट, अख्खा तळवा जाईल एवढी. तू सांगायचास की रिकामी बोट सगळ्यात जास्त हलते, म्हणून माल नसला तर आत दगड टाकायचे. आणि मला ती फट बघता बघता कळलं की मी काय करून बसले आहे. आपल्या घरात गाडी म्हणजे भरलेलीच असते, हे मी गृहीत धरलं होतं. आजीसकट, आत्यासकट, पाट्यांसकट. दुकानदाराने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं उत्तर गेलं. मी सहा माणसांच्या स्प्रिंगा आणल्या होत्या आणि गाडीत माणसं होती दोन, त्यातली एक म्हातारी, चिमणीएवढ्या वजनाची. तू गेलास तेव्हा मी रडले, आजी गेली तेव्हा रडले, धाकटा विमानात बसला तेव्हाही रडले. पण आपलं घर रिकामं झालंय हे त्या दिवशी पार्किंगमध्ये मला पहिल्यांदा पटलं, आणि मी तिथे बसून हमसून हमसून रडले. वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं गाडी बिघडली.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा अंधेरी. ह्या वेळी त्याने विचारायच्या आधीच मी सांगितलं, दोनच माणसं, मागे बसणारी आजारी आहे. दुकानदाराने मऊ स्प्रिंगा काढल्या आणि असे शॉकअप दिले की ज्यांचा कडकपणा डोक्यावरची चकती फिरवून कमी करता येतो. मी ती अगदी मऊ बाजूला फिरवली. रविवारी सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, पत्र्याचे उतार विकत आणले आहेत त्यांच्यावर गाडी चढवली, मागच्या चाकांना अडण लावली. राहिले शेवटचे नट. आता तू असतास तर हाक मारली असतीस. मी वर गेले आणि आईला म्हटलं, चल, गाडीत बसायचंय.

"चालनार नाय ना?" तिने विचारलं.

नुसतं बसायचं, म्हटलं. तिला समजलं. तिने शाल घेतली, अडकित्ता आणि सुपारी घेतली, आणि खाली आली. ती सुपारी खायचं सोडून कैक वर्षं झाली आहेत, पण बहुतेक रिकाम्या हाताने बसायचं तिला बरं वाटलं नाही. पुढे माझ्या जागेवर कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं तांदूळ आणू का, तर माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, तुझ्या वजनाचा तांदूल आपल्या घरात नाय. शेवटी वॉचमनला बसवलं. तो टोपी नीट करून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, फोटोला बसावं तसा बसला. मी खाली शिरले. वर आई त्याला सांगत होती की हिचा बाबा पण असाच बसवून ठेवायचा आम्हाला, जेवण थंड व्हायचं. तो हिंदीत हां हां करत होता. वरून सुपारी कातरल्याचा आवाज यायला लागला आणि मी एकेक नट आवळत गेले. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

परवा नारळी पौर्णिमा झाली. आईने हिरवं लुगडं नेसलं, गळ्यात सगळं सोनं घातलं, आणि मागे उशी न घेता बसली. गेटवरचा स्पीडब्रेकर आला. गाडी वर गेली, खाली आली, बस. आरशात बघितलं तर आई दुकानांच्या पाट्या वाचत होती. लिंक रोडला गोरेगावच्या आसपास तिला चक्क डुलकी लागली. वेसाव्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली तर बायांनी गराडाच घातला. कुणी खिडकीतून तिच्या तोंडावरून हात फिरवतंय, कुणी मला रागावतंय की म्हातारीला एवढे दिवस लपवून ठेवलीस. ती उतरली, माझा आणि काकाच्या मुलाचा हात धरून किनाऱ्यापर्यंत चालत गेली. बोटी सजवलेल्या होत्या, पताका, झेंडूच्या माळा. नारळ पाण्यात सोडताना तिने डोळे मिटले नाहीत, टक्क उघडे ठेवले. ह्या वर्षी चित्र कुठे अडकत नव्हतं.

 येताना ओशिवऱ्याच्या सिग्नलला ती म्हणाली की गाडी छान चालते. मी म्हटलं, बाबाकडूनच शिकले. त्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. सिग्नल सुटला, आणखी एक गेला, तेव्हा बोलली.

"तुझ्या बाबाची गाडी लय हादरवायची गो. बाजारातनं घरी येईपर्यंत माझी कंबर मोडायची. रोज."

मी आरशात बघितलं. ती गंमत करत नव्हती. मी विचारलं, मग तू कधी बोलली का नाहीस?

"काय बोलनार? एवढं सगल्याना बसवून नट आवलायचा." मग म्हणाली, "त्याला नको सांगू."

बरं, म्हटलं. आपल्यात दिलेला शब्द पाळतात, म्हणून हे पत्र मी लिहिलं तरी कुठे ठेवणार नाही, तुझ्या फोटोसमोर तर नाहीच. आई आत झोपली आहे. उद्या तिला बरं वाटलं तर पुन्हा फिरायला न्यायचं आहे, तेव्हाही गाडी मी अलगद चालवीन. पण ऑफिसला जाताना मी एकटीच असते, बाबा, आणि तेव्हा मी खड्डे चुकवत नाही, जरा हादरू देते.